पलीकडच्या डब्यातले झेंडे

१

जुन्या सिग्नलच्या दिव्यात एक मोठा गुण होता. तो तापायचा. त्याच्यावर पडलेलं बर्फ आपोआप वितळून गळायचं आणि आम्हा देखभालवाल्यांना सकाळी दुसरा चहा घ्यायला सवड मिळायची. मग सगळीकडे एलईडीचे दिवे आले. वीज कमी खातात, वर्षानुवर्षं टिकतात, सगळं खरं. पण अंगात ऊब म्हणून नाही. वाऱ्याबरोबर आलेलं बर्फ भिंगाला चिकटलं की चिकटलं. आत लाल पेटलाय की हिरवा, ते देवाला ठाऊक. सरकारने वीज वाचवली आणि माझ्या हातात लांब दांड्याचा ब्रश दिला.

तक्रार करत नाही मी. ओत्सुनाईच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रस्त्याची सगळी उपकरणं माझ्याकडे आहेत. सिग्नलचे दिवे, वळणावरचे गोल आरसे, बर्फात रस्ता बुडाला की त्याची कड दाखवणारे उंच खांब. उजाडलं की छोटा ट्रक काढायचा, खोऱ्याच्या तोंडापर्यंत जायचं, दिवे झाडायचे, आरशांवरचं दव पुसायचं, वाकलेले खांब सरळ करायचे आणि जेवायला घरी यायचं. दिसायला हवं ते दिसतंय एवढं बघणं, हेच काम. मला ते मनापासून आवडतं. साठीला आलेल्या माणसाला असं म्हणता येणं, ही काही लहान गोष्ट नाही.

शेवटचं ठिकाण माझ्या दारातच. आमच्या घरासमोर पायी ओलांडायचे पट्टे आहेत, बटण दाबलं की गाड्यांना लाल होणारा सिग्नल आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना खांबाला बांधलेला एकेक पत्र्याचा डबा. डब्यात पिवळे झेंडे. इकडच्या डब्यातला झेंडा घ्यायचा, उंच धरायचा, रस्ता ओलांडायचा, तिकडच्या डब्यात टाकायचा. येताना तिकडून उचलून इकडे आणायचा. दोन्हीकडे सारखे झेंडे आहेत ना, हे रोज सकाळी बघायचं आणि कमीजास्त असतील तर वाटून ठेवायचे, हेही माझंच काम. थंडीत ओले झेंडे लाकडासारखे कडक होतात. ते मी घरी आणून शेगडीवर वाळवतो. मित्सुए म्हणते, "अहो, लोकांच्या घरात मासे वाळतात, आपल्या घरात झेंडे."

मित्सुए माझी बायको. तिचं माहेर पलीकडचं, म्हणजे अक्षरशः रस्त्यापलीकडचं. तिथे कोळशाच्या खाणीच्या चाळी आहेत आणि त्या काळी शाळाही होती. कोळशाचे ट्रक दिवसभर धडधडत जायचे, म्हणून त्या शाळेत मुलांना आधी झेंडा शिकवायचे आणि मग अक्षरं. हातात झेंडा नसेल तर रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, मग पलीकडे आई का मरत असेना. ही मास्तरांची भाषा होती. आज मित्सुएचे केस पांढरे झाले, पण रस्ता कितीही मोकळा असो, झेंड्याशिवाय ती ओलांडत नाही.

खाण कधीच बंद पडली. चाळी ओस पडल्या. पलीकडे आता माणूस राहत नाही.

२

गेला हिवाळा आम्हाला वाईट गेला. मित्सुए बोलेनाशी झाली. जेवण चिवडायची, खिडकीशी बसून राहायची. गावातले डॉक्टर म्हणाले, अंधारे दिवस सोसत नाहीत काहींना, उन्हाळा आला की उतरेल. एका दुपारी मी कामावरून आलो तर दार उघडं आणि ही घरात नाही. पलीकडे गेलो. चाळीच्या शेवटच्या खोलीसमोर, जिथे तिची आई शेवटपर्यंत राहिली, तिथे ती उभी होती. पायात काही नव्हतं. हातात झेंडा मात्र होता.

"अगं, काय करतेस इथे?"

"काही नाही. हाक मारली म्हणून आले."

कुणी, ते मी विचारलं नाही. पाठीवर घेऊन तिला घरी आणलं. तेव्हापासून माझ्या पोटात एकच भीती बसली. ही एक दिवस पलीकडे जाईल आणि येणार नाही. तिला अलीकडे ठेवायचं, बस. दिवे आणि आरसे त्यानंतर.

या वर्षीचं पहिलं बर्फ पडलं, तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवून होतो. आणि त्याच सुमारास झेंड्यांचं सुरू झालं.

एका सकाळी बघतो तर पलीकडचा डबा रिकामा. सगळे झेंडे आमच्या बाजूच्या डब्यात दाटीवाटीने उभे. मी म्हटलं, असेल. कुणी प्रवासी थांबले असतील, खेळले असतील. अर्धे उचलून पलीकडे ठेवून आलो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळीही.

मित्सुएवर माझा पहिला संशय. पण तिने नेले असते तर झेंडे पलीकडे जमले असते. हे तर उलटं होतं. झेंडे आमच्याकडे येत होते. कुणीतरी पलीकडून झेंडा घेऊन इकडे येत होतं, रोज. आणि परत जात नव्हतं.

३

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वायर सैल असते, पाणी शिरलेलं असतं, उंदराने कुरतडलेलं असतं. काहीतरी असतंच. म्हणून मी रीतसर विचार केला. वारा? वाऱ्याने झेंडा उडेल, पण रस्ता ओलांडून डब्यात उभा राहणार नाही. कोल्हा? कोल्ह्याला शिस्त नसते. टवाळ पोरं? सगळ्यात जवळचं पोर गावात, आणि त्याला मोबाईल सोडून एवढ्या थंडीत यायची हौस नाही. पलीकडच्या डब्याभोवती मी पावलं शोधली. ताजं, सपाट बर्फ होतं. त्यावर माझीच पावलं होती, जातानाची आणि येतानाची.

ते दृश्य मला आवडलं नाही. मी त्याकडे कानाडोळा केला आणि नेहमीप्रमाणे झेंडे वाटून ठेवले. काम ते काम.

कानाडोळा करायला आणखी एक कारण होतं. घरात मित्सुए गाणं गुणगुणायला लागली होती.

आधी मला वाटलं रेडिओ आहे. स्वयंपाकघरात गेलो तर ही पिंपात कोबी आणि हेरिंग मासा थरांवर थर रचत होती. गेल्या वर्षी तिने लोणचं घातलंच नव्हतं. या वर्षी पिंप होतं ते पडवीतलं मोठं.

"एवढं कोण खाणार?" मी विचारलं.

"खातील हो. हिवाळा मोठा आहे."

"आपण दोघं खाऊन खाऊन फुगू."

"तुम्ही तर आधीच फुगलाय," ती म्हणाली आणि खळखळून हसली. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं, काय सांगू. मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. मी आपला लोणच्यावरचा दगड उचलून देण्याच्या निमित्ताने वाकलो.

घर बदललं होतं. शेगडी तीच, रॉकेल तेवढंच, पण कामावरून आलो की चष्म्यावर वाफ धरायची इतकी ऊब. पाहुण्यांच्या सपाता कपाटातून बाहेर आल्या होत्या आणि उंबऱ्याशी टोकं आत करून ओळीने मांडलेल्या असायच्या. चुलीवरच्या भांड्यात मुळ्याच्या चकत्या आणि अंडी रश्शात रटरटत असायची, आणि ते भांडं सणाला काढतो ते होतं. रात्रीचं म्हणाल तर मित्सुए झोपेत शांत घोरायची. फक्त कधी आतल्या रिकाम्या खोलीतली चटई दबल्यासारखी कुरकुरायची. लाकडी घर थंडीत आवाज करतंच. मी कूस बदलायचो आणि झोपायचो. गेल्या कित्येक हिवाळ्यांत इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

मी सुखात होतो. हे कबूल करायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

४

जानेवारीत तीन दिवस वादळ चाललं. चौथ्या दिवशी दुपारी जरा उघडलं, म्हणून मी दारासमोरचा सिग्नल झाडायला शिडी लावली. दिव्याचं तोंड पार लिंपून गेलं होतं. ब्रशने खरवडत होतो तेवढ्यात बटण दाबल्याचा आवाज आला आणि माझ्या नाकासमोर लाल लागला. पलीकडचं बटण असणार, कारण अलीकडच्या खांबाला तर माझी शिडी टेकलेली होती.

खाली ओंडक्यांचा ट्रक येऊन थांबला. गोन्दा होता. आठवड्यातून दोनतीनदा लाकूड घेऊन जातो, आमची जुनी दोस्ती. आमच्याकडे मुलं रस्ता ओलांडून झाली की वळून ड्रायव्हरला वाकून नमस्कार करतात, आणि ड्रायव्हरही मान लववतो. सगळीकडे हीच रीत. गोन्दा स्टिअरिंगवर हात ठेवून मान लववत होता. एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा.

मी शिडीवरून रस्त्याकडे पाहिलं. पट्ट्यांवर नवं बर्फ होतं आणि त्यावर काही नव्हतं.

गाड्यांना हिरवा झाला. गोन्दा हलेना. मी ओरडलो, "अरे, झोप लागली का? हिरवा झालाय!"

त्याने काच खाली केली. "दिसतंय रे बाबा, आंधळा नाही मी. आजीबाईंना पोचू दे की आधी. पाय ओढत चालल्यात बिचाऱ्या."

"कुठल्या आजीबाई?"

"चेष्टा करतोस काय?" त्याने माझ्या घराच्या दाराकडे पाहिलं, शेवटची मान लववली आणि गिअर टाकला. "कार्य काढलंयस आणि आम्हाला बोलावणं नाही. लक्षात ठेवीन लेका!"

ट्रक वळणामागे गेला. माझे हात शिडीला असे घट्ट धरले गेले होते की बोटं सोडवावी लागली. खाली उतरलो. आमच्या बाजूचा डबा भरलेला होता. सर्वांत वरचा झेंडा अजून हलत होता, आणि वारा तर पडला होता.

घराचं दार आतून मित्सुएने लोटून घेतलं. तिचा आवाज आला, "या, या. गारठला असाल." मी रस्त्यावरच उभा होतो. माझ्याशी ती असं पाहुण्यांशी बोलल्यासारखं कधी बोलली नव्हती. मला ती म्हणते, बूट झाडा आणि या.

५

त्या दिवशी माझं डोकं चाललं. उशिरा का होईना. झेंड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे त्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग पलीकडे झेंडेच नसते तर? रोज सकाळी ते पलीकडे नेऊन ठेवणारा शहाणा कोण? मी. नियमाप्रमाणे, वेळेवर, वाळवून.

दुसऱ्या सकाळी मी पलीकडचा डबा रिकामाच ठेवला.

चारच्या सुमारास अंधारायला लागलं, तसं पलीकडचं बटण पेटलं. "थांबा" ही अक्षरं लाल होऊन दिसत होती. गाड्यांना लाल लागला, माणसांना हिरवा. कुणी आलं नाही. हिरवा विझला. पुन्हा बटण पेटलं. मी हत्यारं घेऊन पलीकडे गेलो, पेटी उघडली. आत हाडासारखं कोरडं. तारा घट्ट. माझ्या डोळ्यांदेखत बटण आत दबलं आणि बाहेर आलं, जसं बोटाखाली येतं तसं. मी पेटी बंद केली, हत्यारं गोळा केली आणि चाललो तो धावलोच. 

घरात मित्सुए खिडकीशी बसली होती.

"अहो, पलीकडचा डबा रिकामा आहे ना?"

"असेल. बघतो उद्या."

"थंडीत उभं राहावं लागतं हो," ती म्हणाली. 

दुसऱ्या दिवशीही मी ठेवले नाहीत. मित्सुएने जेवण अर्धं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिने गुणगुणणं बंद केलं. त्याच्या पुढच्या दिवशी कामावरून आलो तर ती गेल्या वर्षीसारखी बसली होती, हात मांडीवर, नजर रस्त्यापलीकडे, आणि घर गार. चष्म्यावर वाफ धरली नाही. सपाता कपाटात गेल्या होत्या. बाहेर बटण पेटत होतं आणि विझत होतं.

एकीकडे हे आणि दुसरीकडे ते. मी किती वेळ उंबऱ्यात उभा होतो माहीत नाही. एवढंच कळत होतं की अशीच बसून राहिली तर एका दुपारी ती अलीकडच्या डब्यातला झेंडा उचलेल आणि त्यांच्याकडे निघून जाईल. त्यापेक्षा त्यांनी इकडे आलेलं काय वाईट?

मी शेगडीवरचे झेंडे घेतले. चांगले वाळले होते, ऊबदार होते. पलीकडे जाऊन एकेक करून डब्यात ठेवले आणि मागे न बघता परत आलो. दारात पाऊल टाकलं तर मित्सुए उठली होती आणि भाताचं भांडं चुलीवर चढवत होती.

६

फेब्रुवारीत सेगावा आला. जिल्ह्याच्या वाहतूक विभागातला गडी, पोरगेलासा, बोलायला गोड. बुटक्या मेजाशी बसला, उबेसाठी मेजावरून सोडलेली गोधडी मांडीवर ओढून घेतली आणि खुशीत म्हणाला, "काका, तुमचं ओझं हलकं करायला आलोय. समोरचा सिग्नल काढायचं ठरलंय. महिनाअखेरीला क्रेन येईल."

"का?"

"पलीकडे माणूसच राहत नाही की. ओलांडतंय कोण? असे कितीतरी काढतोय आम्ही. पट्टे उन्हाळ्यात खरवडू. डबे-झेंडे तेवढे तुम्ही गोळा करून ठेवा."

मित्सुए चहाचं तबक घेऊन आली. तबकात कप गच्च भरले होते. सेगावा हसला. "काकू, पलटण येणार आहे का?"

"मग ती मंडळी परत कशी जाणार?" मित्सुएने त्याला विचारलं.

"कोण मंडळी?"

"पाहुणे आहेत आमच्याकडे."

"बघा, आणि काका म्हणतात इथे करमत नाही," सेगावा म्हणाला. त्याला काही कळलं नाही. चहा पिऊन, बिस्किट खाऊन, आभार मानून तो गेला. जाताना उंबऱ्याशी बूट शोधायला त्याला जरा वेळ लागला. का लागला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिथे त्याच्या आणि माझ्या बुटांशिवाय काही नव्हतं.

मी मित्सुएकडे पाहिलं. आम्ही याबद्दल कधी बोललो नव्हतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी ठरवल्यासारखं चाललं होतं.

"खूप आहेत का गं?" मी विचारलं.

"चाळ होती ती, अहो. खोलीत थोडे राहायचे का?" ती कप आवरायला लागली. काही कप तसेच होते, काही रिकामे झाले होते. "दिवा काढणार म्हणजे त्याच्या आधी जायला हवं त्यांना. मी पोचवायला जाईन. सगळ्यांना एकदम."

"आणि परत येशील ना?"

तिने एक कप पुसला, उजेडाला धरून पाहिला. "आईची खोली आवरायला किती दिवस लागतील, कसं सांगू? इतक्या वर्षांची धूळ." मग माझ्या तोंडाकडे बघून ती हसली, अगदी मायेने. "तोंड काय पाडता? लोणचं आहे की तुमच्यापुरतं पिंपात."

७

क्रेन आली ती सकाळी. त्या लोकांनी गाडी लावायच्या आधी मी बाहेर पडलो होतो. दोन्ही डबे सोडवले, सगळे झेंडे एकत्र बांधले, माझ्या ट्रकच्या मागच्या पेटीत टाकले आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. सेगावाने सांगितलंच होतं गोळा करायला. मी काही वावगं करत नव्हतो, असं मी स्वतःला सांगितलं. क्रेनच्या लोकांनी दिवा उतरवला, खांब बुंध्यापासून कापला आणि दुपारच्या आत ते गेलेसुद्धा. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला एक लोखंडी थोटूक उरलं. मी त्याच्यावर लाल फडकं बांधलं, कुणी अडखळू नये म्हणून.

सूर्य डोंगरामागे गेला तशी मित्सुए बाहेर आली. चांगला कोट घातला होता. हातात मोठं बोचकं. त्यात भाताचे गोळे असणार, सकाळपासून ती तेच वळत होती. तिने दार सताड उघडं ठेवलं, बाजूला होऊन थांबली, बराच वेळ थांबली आणि मग रस्त्याच्या कडेला आली. जिथे डबा होता तिथे तिने हात घातला. हात हवेतच राहिला.

"अहो, झेंडे?"

"नेले त्यांनी," मी म्हणालो. किल्ली छातीला गार लागत होती.

तिने हात मागे घेतला. रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंनी कुठेही गाडी नव्हती. चार पावलं टाकली असती तर ती पलीकडे होती. मी तिच्या मागे उभा होतो. ती निघालीच तर तिला कवेत धरायचं, इतकंच डोक्यात होतं. देवाशपथ सांगतो, आयुष्यात कशासाठी इतकी प्रार्थना केली नव्हती.

कोपऱ्यावरचा गोल आरसा मी सकाळीच पुसला होता. सवयीने मान तिकडे वळली. आरशात मित्सुए दिसली, तिच्यामागे मी. आणि आमच्या दोघांच्या मध्ये, आजूबाजूला, पार घराच्या दारापर्यंत, रांग. पुढे बुटकी, मागे उंच, शाळेत उभी करतात तशी. प्रत्येकाचा उजवा हात वर होता. हातांत काही नव्हतं. कुणी पुढे पाऊल टाकत नव्हतं. मग रांगेतलं एक डोकं आरशाकडे वळायला लागलं आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर फक्त माझी बायको होती, आणि बर्फ.

"बरं," मित्सुए म्हणाली. रागावली नव्हती. रडलीही नाही. तिने बोचकं दुसऱ्या हातात घेतलं आणि वळली. "चला मग. काय करणार. चला आत."

दारात ती पुन्हा बाजूला होऊन थांबली. थंडी आत येत राहिली, येत राहिली. मी बाहेरच उभा राहिलो. शेवटी तिने मला हाक मारली, "बूट झाडा आणि या."

मी जिंकलो होतो. ती माझ्या घरात होती, अलीकडे होती, आणि आता तिला पलीकडे नेणारी वाटच उरली नव्हती. मी बूट झाडले. आत इतकी ऊब होती की मला काही दिसेना. चष्मा पुसून मेजाशी बसलो, पाय गोधडीखाली घातले. मित्सुएने भाताचे गोळे सोडून ताटात मांडले, लोणचं वाढलं, कप भरले. ती गुणगुणत होती. भूक लागली होती. मी पहिला घास घेतला आणि तो इतका गोड लागला की मनात आलं, हा हिवाळा असाच चालू दे, याहून जास्त काही नको.

मित्सुए माझ्या शेजारी यायला म्हणून वाकली आणि थांबली. माझ्या बाजूला एक मोकळी जागा होती, तिथे बघून ती हळूच म्हणाली, "अहो, जरा सरका ना तिकडे. आईला बसायला होत नाहीये."

मी सरकायला गेलो. पण त्या बाजूला जागा नव्हती.